टिटवी विपुल का, जेर्डनचा धाविक दुर्मिळ का?

टिटवी ओळखायला दुर्बीण लागत नाही, पुस्तकही लागत नाही. कृष्णाकाठचा उसाचा फड असो, येरळेचे कोरडे पात्र असो, माणदेशातला मुरमाड माळ असो की साताऱ्यातल्या एखाद्या नव्या वसाहतीतला रिकामा प्लॉट असो, तिचा कलकलाट कानी पडतोच. रात्री-अपरात्री ती ओरडली की घरातली वडीलधारी माणसे अजूनही अस्वस्थ होतात. तिने अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस भरपूर, ओढ्याच्या पात्रात घातली तर पावसाची ओढ, असा अंदाज शेतकरी बांधतात. ती उताणी झोपते आणि आभाळ कोसळलेच तर पायांवर तोलून धरते, अशीही समजूत आहे. पंचतंत्रातल्या टिटवीच्या जोडप्याने अंडी पळवणाऱ्या समुद्राला अखेर नमवले. ‘टिटवी देखील समुद्र आटविते’ ही आपली म्हण त्याच कथेची आठवण करून देते.

या टिटवीच्याच गणात आणखी एक पक्षी आहे. तोही जमिनीवर राहणारा, लांब पायांचा, किडे-वाळवी खाणारा आणि दख्खनचाच रहिवासी. पण १९०० नंतर तब्बल पंच्याऐंशी वर्षे त्याची एकही खात्रीलायक नोंद झाली नाही. तो नामशेष झाला, असे धरून चालण्याची वेळ आली होती. त्याचे नाव जेर्डनचा धाविक. आज जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत त्याची गणना होते.

दोन नातलग पक्षी, दोघांचे घर उघड्या जमिनीवर, तरी एक प्रत्येक गावात आणि दुसरा जवळपास कुठेच नाही. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर पक्ष्याच्या शरीरात जितके आहे, तितकेच त्याच्या जमिनीत आहे. आणि ते उत्तर सातारा-सांगलीच्या वाचकांना विशेष जवळचे वाटेल, कारण त्यात कृष्णेचे पाणी आहे, कालवे आहेत आणि सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ म्हणून नोंदवलेली जमीन आहे.

किनारा नसलेले किनारपक्षी

पक्षिशास्त्रात ‘किनारपक्षी’ नावाचा एक मोठा गट मानतात. चिखल्या, तुतवार, पाणलावा, कमळपक्षी ही त्यातली परिचित मंडळी. समुद्रावरचे कुरव आणि सुरय हेही याच गणातले. नावावरून वाटते की हे सगळे पाण्याच्या काठी राहत असतील. प्रत्यक्षात या गणातल्या काही शाखांनी पाण्याची संगत सोडून कोरडी जमीन पत्करली. मोठ्या डोळ्यांचा, रात्री हिंडणारा करवानक त्यांपैकीच एक. टिटवी ही चिखल्यांच्या कुळातली, तर धाविक हा पाणभिंगरीच्या कुळातला. म्हणजे दोघे सख्खे भाऊबंद नव्हेत, पण एकाच भावकीतले आहेत.

या भावकीची काही समान लक्षणे आहेत. घरटे म्हणजे जमिनीवरचा उथळ खळगा, फार तर भोवती चार खडे. अंडी मातीच्या रंगाची आणि ठिपकेदार, पायाखाली येईपर्यंत न दिसणारी. पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात चालू लागतात आणि धोका दिसला की जमिनीला चिकटून निश्चल पडून राहतात. झाडावर घरटे बांधणाऱ्या पक्ष्याला फांदीचा आधार असतो. यांना आधार फक्त रंगाचा आणि मोकळ्या नजरेचा. शत्रू दुरून दिसावा म्हणून जमीन उघडी हवी आणि पिल्लांना दडता यावे म्हणून ती अगदी गुळगुळीतही नको. एवढ्या बाबतीत टिटवी आणि धाविक यांची गरज सारखी आहे. फरक पुढे पडतो.

टिटवीचा चौफेर संसार

आपली नेहमीची टिटवी म्हणजे लाल गलोलीची टिटवी. डोळ्यापुढची लाल कातडी, काळ्या टोकाची लाल चोच, काळी छाती, पांढरे पोट आणि लांब पिवळे पाय. लांबी सुमारे पस्तीस सेंटिमीटर. पश्चिमेला इराक-अरबस्तानापासून पूर्वेला व्हिएतनामपर्यंत तिचा पसारा आहे.

तिच्या यशाचे पहिले कारण म्हणजे जागेबाबतची उदारता. नदीकाठ, तळ्याचा काठ, नांगरट, पडीक रान, विटभट्टीचे आवार, रेल्वे रुळांमधली खडी, इतकेच काय, घराची गच्चीसुद्धा तिला घरट्यासाठी चालते. गच्चीवर खडी किंवा बांधकामाचा राडारोडा पडलेला असेल तर तिच्या लेखी तो माळच.

दुसरे कारण म्हणजे उन्हाळ्यावर तिने काढलेला तोड. विणीचा हंगाम साधारण मार्च ते ऑगस्ट. एप्रिल-मेच्या दुपारी मुरूम इतका तापतो की उघडी अंडी काही मिनिटांत उकडून जावीत. अशा वेळी टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यासाठी नव्हे, सावली देण्यासाठी. मधूनच ती किंवा तिचा जोडीदार पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येतो आणि ओल्या पिसांनी अंडी व पिल्ले थंड ठेवतो. म्हणूनच जवळपास पाणी असणे तिच्या फायद्याचे ठरते. शेततळे, पाझर तलाव, कालव्याची गळती, ठिबकच्या नळीखालचे डबके, काहीही चालते.

तिसरे कारण म्हणजे तिचा आक्रस्ताळेपणा. तीन-चार अंड्यांच्या रक्षणासाठी ती कुत्र्यावर, घारीवर, माणसावरही झेप घेते. शेजारच्या टिटव्या ओरडत मदतीला येतात. लंगडत, पंख ओढत शत्रूला दूर नेण्याची युक्तीही तिच्याजवळ आहे. पहिली वीण फुकट गेली तर त्याच हंगामात ती पुन्हा अंडी घालू शकते.

चौथे कारण, ती दिवसाही चरते आणि चांदण्या रात्रीही. भुंगेरे, मुंग्या, वाळवी, गोगलगायी, जे मिळेल ते. माणसाच्या वावराने तिचे वेळापत्रक कोलमडत नाही.

या चार गोष्टींची बेरीज केली की एक सूत्र दिसते. माणूस जमिनीत जे जे बदल करतो, त्यांपैकी बहुतेक टिटवीला सोसतात आणि काही तर तिच्या फायद्याचे ठरतात. ती सर्वत्र आहे याचा अर्थ जमीन जशीच्या तशी आहे, असा मात्र होत नाही.

करवंदीच्या जाळीतली कोंबडी

आता दुसरा पक्षी. मद्रास प्रांतात लष्करी शल्यचिकित्सक असलेल्या थॉमस जेर्डन यांना पूर्व घाटालगतच्या झुडपी रानात हा पक्षी मिळाला आणि १८४८ मध्ये एडवर्ड ब्लाइथ यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘बायटॉर्क्वाटस’ या शब्दाचा अर्थ दोन गळपट्टे असलेला. छातीवर दोन तपकिरी पट्टे, गळ्याशी तांबूस ठिपका, भुवईवर रुंद पांढरी रेघ आणि अंगाच्या मानाने मोठे डोळे. उंचीने तो टिटवीपेक्षा बराच लहान. मोठे डोळे हे निशाचराचे लक्षण. दिवसा तो झुडपाखाली गप्प बसतो आणि काळोख पडल्यावर बाहेर येऊन मोकळ्या जागेत वाळवी, मुंग्या टिपत धावतो.

महाराष्ट्राशी त्याचा संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी तो गोदावरीच्या खोऱ्यात सिरोंचा आणि भद्राचलमच्या परिसरात नोंदवला. सिरोंचा आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९०० मध्ये पेन्नार नदीच्या खोऱ्यात, अनंतपूरजवळ, त्याची शेवटची नोंद झाली आणि मग तो जणू जमिनीत गडप झाला.

पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने शोध हाती घेतला. संस्थेचे अभ्यासक भरत भूषण यांनी कडप्पा जिल्ह्यातल्या गावोगावी पक्ष्याची चित्रे दाखवत चौकशी केली. स्थानिक पारध्यांना पक्षी ठाऊक होता. त्यांच्याकडे त्याला नावही होते, ‘कलिवी कोडी’. तेलुगूत कलिवी म्हणजे करवंदाच्या जातीचे झुडूप आणि कोडी म्हणजे कोंबडी. जानेवारी १९८६ मध्ये अशाच एका पारध्याने रात्री विजेरीच्या उजेडात हा पक्षी पकडून आणला. नव्वदीला टेकलेले सलीम अली ही बातमी कळताच तिकडे धावले. ज्याला शास्त्र नामशेष समजत होते, त्याला त्या रानातली माणसे रोजच्या भाषेत कोंबडी म्हणत होती. या पक्ष्यासाठी तिथे श्रीलंकामल्लेश्वर अभयारण्य घोषित झाले.

सापडला तरी तो दिसणे अवघडच राहिले. म्हणून पुढच्या अभ्यासकांनी वेगळी पद्धत काढली. पी. जगन्नाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झुडपांच्या मधल्या वाटांवर बारीक मातीचे पट्टे अंथरले आणि सकाळी त्यांवर उमटलेले पायांचे ठसे तपासले. सोबत स्वयंचलित कॅमेरे लावले, संध्याकाळी हाका ऐकल्या. हा पक्षी सूर्यास्तानंतर थोडाच काळ हाक देतो. त्यामुळे तेवढा वेळ चुकला की रात्र वाया.

त्या अभ्यासातून निघालेला निष्कर्ष आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. दोन मीटरपेक्षा उंच झुडपे हेक्टरी तीनशे ते सातशे आणि लहान झुडपे हजाराच्या आत, अशा जमिनीत हा पक्षी आढळण्याची शक्यता सर्वाधिक. याहून दाट झाले तर त्याला धावायला जागा नाही. याहून विरळ झाले तर दडायला आडोसा नाही. हा तोल नुसत्या निसर्गाने राखला होता असेही नाही. शेळ्या-म्हशींची माफक चराई आणि थोडीफार लाकूडतोड यांनी झुडपांमध्ये मोकळ्या जागा राहत होत्या. चराई फार वाढली तर झुडपे संपतात आणि पूर्ण थांबली तर रान मिटते. टिटवीच्या उदारतेच्या अगदी उलट असा हा काटेकोरपणा आहे.

घरट्याबाबत तर गंमतच आहे. या पक्ष्याचे एक अंडे स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहालयात कित्येक दशके पडून होते. कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या परिसरात पशुवैद्य असलेल्या एका गृहस्थाने ते १९१७ च्या सुमारास मिळवले होते. २०१३ मध्ये डीएनएची तुलना जुन्या नमुन्यांशी करून ते खरेच जेर्डनच्या धाविकाचे असल्याचे सिद्ध झाले. ज्या पक्ष्याचे ओळख पटलेले अंडे परदेशातल्या एका खोक्यात सापडते, त्याची वीण आपल्या रानात कशी चालते हे कळायला किती अवकाश आहे, याची कल्पना यावी. गेल्या दशकात त्याच्या नोंदी थांबल्यासारख्या झाल्या होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये पक्षीनिरीक्षकांनी आंध्र प्रदेशात त्याची हाक पुन्हा ध्वनिमुद्रित केली, एवढाच काय तो दिलासा.

अतिसंकटग्रस्त म्हणजे नेमके काय?

वर्तमानपत्रात ‘दुर्मिळ’, ‘संकटग्रस्त’, ‘नामशेष होण्याच्या मार्गावर’ हे शब्द सैलपणे वापरले जातात. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत मात्र त्यांना ठरावीक माप आहे. प्रौढ पक्ष्यांची संख्या अडीचशेच्या आत असेल आणि ती घटत असेल, तर ती जात ‘अतिसंकटग्रस्त’ ठरू शकते. जेर्डनचा धाविक या मापाने आत येतो. त्याच्या प्रौढांची संख्या पन्नास ते अडीचशेच्या दरम्यान असावी, असा अंदाज आहे.

दुसरे माप वेगाचे आहे. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ मोठा असेल त्या काळात, संख्या ऐंशी टक्क्यांनी किंवा अधिक घटली तरी ती जात अतिसंकटग्रस्त ठरते, मग उरलेली संख्या काही हजार का असेना. म्हणजे मोजताना फक्त ‘किती आहेत’ हे पाहून भागत नाही. ‘किती वेगाने कमी होत आहेत’ हेही पाहावे लागते.

या दुसऱ्या मापाचे उदाहरण टिटवीच्याच घरात आहे. थव्याने राहणारी एक टिटवी, इंग्रजीत तिला ‘सोशिएबल लॅपविंग’ म्हणतात, कझाकस्तान आणि दक्षिण रशियाच्या गवताळ मैदानात वीण करते. हिवाळ्यात तिचे काही थवे सुदानकडे जातात, तर काही पाकिस्तान, राजस्थान, गुजरातकडे येतात. आपल्या टिटवीची आणि तिची प्रजाती एकच. तिचे सुमारे ११,००० प्रौढ पक्षी उरले असावेत, तरी ती अतिसंकटग्रस्त आहे.

तिला लागते ते गुराढोरांनी चरून आखूड केलेले गवत. शेणाच्या पोहांजवळ ती अंडी घालते, म्हणजे ती सहजी दिसत नाहीत. १९५४ पासून सोव्हिएत राजवटीने ही मैदाने नांगरून तिथे गहू पेरायला सुरुवात केली. १९९१ नंतर सरकारी शेतसंस्था मोडल्या, जनावरे घटली आणि उरलेली गावाभोवतीच चरू लागली. लांबवरच्या मैदानात गवत वाढले, तर गावाजवळ पक्षी एकवटले आणि घरटी खुरांखाली येऊ लागली. स्थलांतराच्या वाटेवर सीरिया-इराकमध्ये तिची शिकारही होते, हे उपग्रहाद्वारे माग काढणाऱ्या अभ्यासांतून दिसले. टिटवीच्या घराण्यात जन्मणे म्हणजे तगण्याची हमी नव्हे, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

एका नदीचे दोन कालवे

आता सातारा-सांगलीकडे वळू. कृष्णा महाबळेश्वरला उगवते. तिच्या उगमाकडे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला गेले की माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत तोच पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. या पट्ट्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे घेऊन जगली, किंवा मुंबईच्या गिरणीत आणि देशभरच्या सोन्या-चांदी गाळण्याच्या धंद्यात गेली. पाण्यासाठी इथल्या लोकांनी किती चळवळी केल्या, हे नव्याने सांगण्याची गरज नाही.

कराडच्या खाली टेंभू गावाजवळ कृष्णेचे पाणी उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि पुढे सांगोल्यापर्यंत नेणारी टेंभू योजना त्या चळवळींचे फळ आहे. म्हैसाळ, ताकारी, उरमोडी, जिहे-कठापूर या योजनाही त्याच जातीच्या. ज्या शिवारात टँकरची वाट पाहिली जात होती, तिथे डाळिंब आणि द्राक्षे उभी राहिली. हे व्हायलाच हवे होते.

पण याच कृष्णेच्या पाण्याची दुसरी कथाही आहे. १९७६ च्या करारानुसार महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांनी आपापल्या वाट्यातून प्रत्येकी पाच अब्ज घनफूट पाणी मद्रास शहराला पिण्यासाठी द्यायचे ठरले. त्यासाठी तेलुगू गंगा प्रकल्प आला. श्रीशैलमच्या धरणातून निघणारा हा कालवा कडप्पा जिल्ह्यातून जातो, म्हणजे जेर्डनच्या धाविकाच्या दारातून. २००५ मध्ये या प्रकल्पाच्या खोदकामात यंत्रांनी त्याच्या अधिवासातला झुडपी पट्टा उकरला. अभ्यासकांनी आवाज उठवला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय सक्षम समितीपर्यंत गेले आणि पुढे कालव्याचा मार्ग बदलण्यात आला.

मार्ग बदलला तरी कालव्याचा परिणाम त्याच्या भरावापुरता नसतो. पाणी आले की आजूबाजूची झुडपी जमीन शेतीखाली येते, वस्ती वाढते, कुत्री वाढतात. टिटवीला यातले बरेच काही मानवते. कालव्याच्या काठी तिची नवी जोडपी बसतात. धाविकासाठी तीच जमीन कायमची संपते. एकाच पाण्याने एकाचे घर वाढते आणि दुसऱ्याचे मोडते. यात पाण्याचा दोष नाही. पाणी कुठून न्यायचे आणि कोणती जमीन तशीच ठेवायची, हे आधी न ठरवण्याचा दोष आहे.

मधले पक्षी

जेर्डनचा धाविक सातारा-सांगलीत नाही. मग इथे त्याची चर्चा कशाला? कारण टिटवी आणि तो या दोन टोकांच्या मध्ये असलेले दोन पक्षी आपल्या माळावर आहेत.

पहिली माळटिटवी. डोळ्यापुढे पिवळी गलोली, डोक्यावर काळी टोपी, अंग मातकट. आवाज मवाळ. ती पाण्यापासून दूर, खडकाळ-मुरमाड जमिनीवर राहते. कासच्या पठारासारख्या सड्यांवर आणि माणदेशाच्या माळावर उन्हाळ्यात तिची वीण होते. दुसरा आपला साधा धाविक, जेर्डनच्या धाविकाचा दिवसा हिंडणारा भाऊबंद. तांबूस पोट, डोळ्यामागून मानेपर्यंत गेलेली काळी-पांढरी रेघ. दहा पावले भरकन धावायचे, थबकायचे, वाकून किडा टिपायचा, पुन्हा धावायचे, ही त्याची चाल. तो उघड्या जमिनीवर दोन-तीन अंडी घालतो.

लाल यादीत हे दोन्ही पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’ नाहीत. पण त्यांच्या गरजा टिटवीसारख्या सैल नाहीत. त्यांना आखूड गवताचा, विरळ तरवडा-बोरीचा, दगडगोट्यांचा माळ लागतो. हा माळ आजवर राखला तो खिल्लार जनावरांनी आणि मेंढरांनी. जत तालुक्यातली माडग्याळ जातीची मेंढी इथल्याच चराईतून घडली. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’मुळे मराठी वाचकाला परिचित झालेला धनगरांचा मुलूख हाच. म्हणजे मेंढपाळाचा माळ आणि धाविकाचा माळ एकच आहे.

सरकारदरबारी मात्र या जमिनीला नीट नाव नाही. सातबाऱ्यावर ती पोटखराब, गावाच्या लेखी गायरान, आणि देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपे असलेली ‘पडीक’ जमीन. जी पडीक, ती कामाला लावली पाहिजे, हा पुढचा विचार ओघानेच येतो. मग मुरमावर तळ्यातला गाळ पसरून बागा उठतात, कुठे पवनचक्क्या, कुठे सौरऊर्जेचे पत्रे, कुठे सरसकट वृक्षारोपण. यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी पाहिली तर समर्थनीय आहे. उजाड डोंगरावर माणसाच्या कष्टाने जंगल उभे राहू शकते, हे धों. म. मोहिते यांनी सागरेश्वरला दाखवून दिले, त्याचा सांगली जिल्ह्याला रास्त अभिमान आहे. प्रश्न इतकाच की जिथे मूळचे गवत आणि झुडूप आहे, तो प्रत्येक माळ म्हणजे हरवलेले जंगल नव्हे.

माळाकडे दुर्लक्ष झाले की काय होते हे पाहायला फार लांब जायला नको. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. आज तिथे माळढोक दिसला तर ती बातमी होते. देशभरच्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला आहे. गवताळ आणि झुडपी माळावर अवलंबून असलेल्या पक्ष्यांची घट हा त्यातला एक ठळक निष्कर्ष आहे.

आणि इथेच टिटवी आपली दिशाभूल करते. बागेत, बांधावर, तळ्याकाठी ती ओरडत असते. ऐकणाऱ्याला वाटते, टिटव्या तर भरपूर आहेत. माळटिटवी कमी झाली आणि तिच्या जागी लाल गलोलीची टिटवी आली, तरी गावाच्या भाषेत टिटवीच ओरडते आहे. धाविक तर ओरडतही नाही. तो गेला तर गेल्याचे कळणारही नाही. विपुल पक्ष्याच्या गोंगाटात संकोची पक्ष्याचे जाणे झाकून जाते, आणि ते लक्षात येते तेव्हा हिशेब पन्नास की अडीचशे असा उरलेला असतो.

करण्याजोगे काय आहे?

पहिली गोष्ट मोजणी. तीही अवघड नाही. माळावर टिटवी दिसली की गलोली लाल की पिवळी एवढे पाहावे आणि तारीख-ठिकाणासह नोंदवावे. शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांनी एकाच माळाची दर उन्हाळ्यात अशी नोंद पाच-दहा वर्षे ठेवली तरी आज नसलेली माहिती हाती येईल. मायणीच्या तलावावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी पाहायला माणसे जातात. तलावालगतचा कोरडा माळही तितक्याच बारकाईने पाहावा.

दुसरी गोष्ट वेळेची. समतल चर खोदणे, श्रमदान, सपाटीकरण ही कामे एप्रिल-मेमध्ये होतात, आणि नेमकी तीच या पक्ष्यांची वीण. कामे थांबवावीत असे कोणी म्हणणार नाही. पण यंत्र लावण्यापूर्वी मेंढपाळाला किंवा गुराख्याला सोबत घेऊन माळावर एक फेरी मारली, घरटे दिसले तिथे चार दगड रचून खूण केली आणि तेवढा तुकडा महिनाभर सोडला, तर पिल्ले बाहेर पडून चालू लागतात. टिटवीची अंडी उबायला सुमारे चार आठवडे लागतात. म्हणजे खोळंबा तेवढाच.

तिसरी गोष्ट नियोजनाची. ज्या गावात योजनेचे पाणी पोहोचले तिथे गायरानाचा काही भाग माळ म्हणूनच राहील, तिथे झाडेही लावायची नाहीत आणि नांगरही घालायचा नाही, मेंढरे मात्र चरतील, असा ठराव ग्रामसभेला करता येतो. कडप्पाच्या अभ्यासाने दाखवले तसे, माफक चराई ही अशा पक्ष्यांची शत्रू नसते. म्हणजे पक्षी राखण्यासाठी मेंढपाळाला हुसकावण्याचे कारण नाही, उलट तो माळावर राहणे गरजेचे आहे.

चौथी गोष्ट ऐकण्याची. पंच्याऐंशी वर्षे शास्त्राला न सापडलेला पक्षी पारध्यांना ठाऊक होता, कारण ते त्या रानात रोज होते. आपल्या माळावर रोज असणारी माणसेही आहेत. धाविक कुठे अंडी घालतो, पूर्वी कुठे घालत असे, आता कुठे दिसत नाही, हे आटपाडी-जतच्या एखाद्या म्हाताऱ्या मेंढक्याला विचारले तर त्याच्याकडे उत्तर असण्याची शक्यता बरीच आहे. ते उत्तर लिहून घ्यायला अजून वेळ गेलेली नाही.